ओळ काठावर ठरते

कविता वाचायला आपण पहिल्या ओळीपासून बसतो. कोसा वाचायचा तर देठापासून बसावं लागतं.

माझ्यासमोर आरमोरीहून आणलेला एक कोसा आहे, म्हणजे टसर रेशमाच्या किड्याचा कोश. कोंबडीच्या अंड्याहून थोडा लहान, राखाडीकडे झुकलेला पिवळा, नखाने ठोकला तर लाकडासारखा बोलणारा. एका टोकातून काळपट, चिवट देठ निघतो आणि देठाच्या शेवटी वळं आहे. वळ्यात ऐनाच्या काडीचा बोटभर तुकडा अजून अडकलेला आहे. सूत काढणाऱ्याला या देठाचं फारसं कौतुक नसतं, कारण सलग धागा निघतो तो कोशाच्या अंगातून. पण हा सगळा मजकूर ज्या वाक्यावर उभा आहे, ते वाक्य देठातच आहे.

ते मला एका ढिवर बाबाजींनी दाखवलं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात नदी-तलावातली मासेमारी आणि जंगलातला कोसा ही दोन्ही कामं ढिवर समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. कोशाच्या दिवसांत घरातला कोणीतरी रानातच मुक्कामाला असतो. झाडावर हिरव्यागार, बोटाहून जाड अळ्या ऐनाची पानं कुरतडत असतात आणि त्यांच्यावर पाखरांचा, मुंग्यांचा, गांधीलमाश्यांचा डोळा असतो. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट फांदी छाटून दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवायची. भाद्रपदातल्या एका दिवशी मी बाबाजींच्या मागे मागे हिंडत होतो. एक अळी खाणं सोडून फांदीवर अस्वस्थ फिरत होती. मी विचारलं, "बाबाजी, आता हिने कोसा धरला असं समजायचं का?" त्यांनी मान हलवली. "आधी काडी पकडते भाऊ, मंग घर बांधते. पानाचा भरोसा नाही."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि विसरलो. पुढे रेशमाच्या भौतिकशास्त्रातले निबंध वाचायला लागलो, तेव्हा ते पुन्हा पुन्हा समोर येऊन उभं राहिलं.

ऐन हे पानगळीचं झाड. थंडी सरली की त्याचा पाला गळतो. अळी कोशात शिरल्यावर आतला जीव कित्येकदा पुढच्या पावसापर्यंत निजलेला असतो, म्हणजे हिवाळा आणि चंद्रपूरकडचा तो भाजून काढणारा उन्हाळा, दोन्ही त्याला झाडावर लटकून काढायचे असतात. पानाला घर बांधलं तर पानाबरोबर ते जमिनीवर येईल आणि वणव्यात जळेल किंवा वाळवीच्या तोंडी जाईल. म्हणून अळी दोन-तीन पानं जवळ घेऊन आडोसा करते, काडीभोवती रेशमाचं वळं घालते, त्यातून देठ ओढते आणि मगच कोशाच्या भिंतीला हात घालते. पान तिच्यासाठी तात्पुरता पडदा आहे. पकड काडीची. आपण कुठल्या पृष्ठभागाला चिकटतो आहोत, याची निवड या जीवाने भिंत विणण्याआधीच केलेली असते.

मराठीत काठ हा शब्द फार सोसणारा आहे. नदीला काठ असतो, विहिरीला असतो, भांड्याला असतो, लुगड्यालाही असतो. काठ म्हणजे जिथे एक गोष्ट संपते आणि दुसरी तिला भेटते ती जागा. मला या कोशात जे वाचायचं आहे ते या भेटीबद्दल आहे. कारण रेशमाचा धागा आधी पोटातल्या नळीच्या काठावर घडतो, मग काडीच्या काठावर, आणि शेवटी मागावर पुन्हा एका काठाशी येऊन थांबतो.

आता नळीत शिरू.

अळीच्या अंगात दोन लांब, नागमोडी ग्रंथी असतात. ग्रंथीच्या मागच्या भागात रेशमाचं मुख्य प्रथिन, फायब्रॉइन, तयार होतं. तुतीच्या किड्यात मधल्या फुगीर भागात ते साठून राहतं आणि सेरिसिन नावाच्या डिंकाचं आवरण घेतं. पुढचा भाग बारीक बारीक होत जाऊन तोंडाखालच्या सूतमुखाशी पोचतो. दोन्ही बाजूंच्या नळ्या तिथे एकत्र येतात, म्हणून कोशाचा प्रत्येक धागा मुळात दुपदरी असतो. साठवणीतलं हे द्रव्य दाट पाकासारखं असतं. त्यात प्रथिन पाव हिश्शाच्या आसपास, बाकी बहुतेक पाणी. पाक पाण्यात विरघळतो, पण बाहेर आलेला धागा कधीच विरघळत नाही. मधल्या काही सेंटिमीटरांत काय घडतं, हा शास्त्राला पडलेला जुना आणि सुंदर प्रश्न आहे.

माणसाला हे काम किती जड जातं ते पाहिलं की प्रश्नाचं वजन कळतं. नायलॉनचा एक नेहमीचा प्रकार वितळवायला सुमारे २६० अंश सेल्सिअस तापमान लागतं. बुलेटप्रूफ जाकिटातलं केव्हलार हे स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली ड्युपाँट कंपनीत शोधलं. त्याचा धागा काढायला ते तीव्र गंधकाम्लात विरघळवावं लागतं. केव्हलारची खुबी अशी की त्याचे ताठ रेणू त्या द्रावणात आपोआप एका दिशेला रांगेने लागतात. म्हणजे धागा होण्याआधीच ते द्रवस्फटिक झालेलं असतं. ऐनाच्या फांदीवरची अळी हेच काम पाण्यात करते, रानातल्या हवेच्या तापमानाला.

द्रवस्फटिक हा शब्द ऐकला की एलसीडीचा पडदा आठवतो, पण गोष्ट त्याहून जुनी आहे. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाला दोन वितळणबिंदू असल्याचं दिसलं. १४५.५ अंशांवर ते गढूळ द्रव झालं आणि १७८.५ अंशांवर स्वच्छ. मधल्या गढूळ अवस्थेत पदार्थ वाहतो द्रवासारखा, पण त्याचे रेणू शिस्त सोडत नाहीत. पुढे १९२२ साली जॉर्ज फ्रीडेल यांनी या अवस्थांची बारशी केली. ज्या अवस्थेत लांबट रेणू एकाच दिशेला तोंड करून असतात, पण जागा मात्र कुणाचीच ठरलेली नसते, तिला त्यांनी नेमॅटिक म्हटलं. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात दोऱ्यासारख्या रेषा दिसत, म्हणून धाग्याला असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलं. रेशमाबद्दल वाचताना मी या नावापाशी दर वेळी थबकतो. फ्रीडेल यांच्या मनात रेशीम नसणार. तरी नाव योग्य घरी येऊन बसलं आहे.

या शास्त्रात विदर्भाचंही एक नाव आहे आणि ते इकडे फारसं कुणी घेत नाही, म्हणून घेतो. शिवरामकृष्ण चंद्रशेखर १९५१ साली नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले, पहिल्या क्रमांकाने. सी. व्ही. रामन त्यांचे मामा. (खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर हे रामन यांचे पुतणे. नावसारखेपणामुळे घोळ होतो.) बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांच्याबरोबर १९७७ साली दाखवलं की लांबट रेणूच लागतात असं नाही, चपट्या चकतीसारखे रेणूही एकावर एक थप्पी लावून द्रवस्फटिक होऊ शकतात. तोवर जगभर सगळे काड्यांचाच विचार करत होते.

तर रेशमाचा पाक द्रवस्फटिक असतो का? १९९१ साली कर्कम, व्हायनी, कॅप्लान आणि लोंबार्डी यांनी कोळ्याच्या आणि तुतीच्या किड्याच्या स्रावात द्रवस्फटिकाची लक्षणं दाखवली. २००१ साली फ्रिट्झ वोलराथ आणि डेव्हिड नाइट यांनी कोळ्याच्या ग्रंथीपासून धाग्यापर्यंतचा सगळा प्रवास द्रवस्फटिकाच्या भाषेत मांडला. दोनच वर्षांनी जिन आणि कॅप्लान यांनी वेगळं चित्र पुढे ठेवलं. त्यांच्या मते फायब्रॉइनचे रेणू आधी गुंडाळून सूक्ष्म गोळ्या होतात, गोळ्या एकत्र येतात, आणि नळीतल्या ताणाखाली लांबट होऊन धाग्यात मिसळतात. एकीकडे काड्यांची रांग, दुसरीकडे ताणल्या जाणाऱ्या गोळ्या. मला या वादात एका गोष्टीने धरून ठेवलं. काडी माना की गोळी माना, तिला दिशा लागते ती भिंतीमुळे. या मुद्द्यावर दोन्ही चित्रं एकमेकांच्या जवळ येतात.

धानाच्या बांधीतून पाणी पुढच्या बांधीत सोडताना बांध थोडा फोडतात. पाण्यावर गवताच्या काड्या तरंगत असल्या तर पाहा. रुंद बांधीत त्या कशाही पडलेल्या असतात. फोडलेल्या तोंडाशी येताना त्या वळतात आणि पाण्याच्या दिशेला सरळ होतात. दोन गोष्टी एकदम घडत असतात. मातीला लागून असलेलं पाणी जवळजवळ थांबलेलं असतं आणि मधलं पळत असतं, त्यामुळे काडीचं एक टोक मागे राहतं नि दुसरं पुढे जातं. शिवाय तोंड अरुंद होत जातं, म्हणून पाणी पुढे पुढे वेग धरतं आणि काडीला दोन्ही टोकांनी ताणतं. रेशमाच्या नळीतही हेच. भिंतीजवळ प्रवाह मंद, मध्ये वेगवान, आणि नळी पुढे निमुळती. त्यात भर म्हणजे आम्लता वाढत जाते, क्षारांचं प्रमाण बदलतं आणि प्रथिनाची पाण्याशी असलेली दोस्ती तुटत जाते.

भिंतीचं महत्त्व द्रवस्फटिकात किती, याचा पुरावा आपल्या खिशात आहे. पडद्यांच्या कारखान्यात काचेवर बहुवारिकाचा अतिशय पातळ थर देत आणि तो मखमली कापडाच्या रुळाने एका दिशेला घासत. त्या घासण्याने थराला कल मिळतो. त्याला भिडलेले रेणू तोच कल धरतात, त्यांच्या शेजारचे त्यांचा, आणि असं करत आतल्या सगळ्या द्रवात ती दिशा पसरते. काठावर एकदाच ठरलेली ओळ मध्यापर्यंत वाचता येते. अळीच्या नळीची भिंतही साधी नाही. पुढच्या भागात तिला आतून क्युटिकलचं अस्तर असतं, म्हणजे अळीच्या बाहेरच्या कातडीच्याच जातीचं. आणि प्रथिन थेट त्या अस्तराला घासत नाही. त्या दोघांमध्ये सेरिसिनचा थर वंगणासारखा राहतो. तो काठ सोडतही नाही आणि धरूनही ठेवत नाही. माझ्या मते या सगळ्या रचनेतली सर्वांत नाजूक जागा हीच आहे. भिंत पकडून बसली तर धागा तुटेल. तिने काहीच धरलं नाही तर रेणूंना दिशाच मिळणार नाही.

अजून एक गोष्ट. आपल्याला वाटतं किडा धागा बाहेर ढकलतो. स्पार्क्स आणि हॉलंड यांनी २०१७ साली दाबाचं गणित मांडून दाखवलं की नुसतं ढकलायला जो दाब लागेल, तो किड्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. धागा मुख्यतः ओढला जातो. आधी तो बाहेर कुठेतरी चिकटवायचा, मग मान मागे न्यायची. मान मराठी आठाच्या आकड्यासारखी नव्हे, इंग्रजी आठासारखी फिरते, दोन फासे एकमेकांत घालत. चिकटलेल्या जागेचा आधार नसेल तर ओढायला काहीच उरत नाही. बाबाजींचं वाक्य इथे भौतिकशास्त्र होतं. आधी काडी, मग घर. शाओ आणि वोलराथ यांनी २००२ साली तुतीच्या किड्याचा धागा वेगवेगळ्या वेगाने ओढून पाहिला. जलद ओढलेला धागा मजबूत पण ठिसूळ निघाला, सावकाश ओढलेला जास्त ताणला जाणारा. म्हणजे धाग्याचा स्वभाव रसायनात जितका, तितकाच मानेच्या लयीत.

टसरच्या धाग्याची आपली अशी वेगळी भाषा आहे. तुतीच्या रेशमाच्या प्रथिनात ग्लायसिन आणि अ‍ॅलानिन आलटून पालटून येतात. टसरच्या कुळातल्या किड्यांच्या प्रथिनात मात्र अ‍ॅलानिन एकापुढे एक सलग येत राहतो, कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यासारखा. हे सलग तुकडे एकमेकांवर घट्ट बसतात आणि धाग्याला बळ देतात. धागा तुतीच्या रेशमाहून कितीतरी जाड. आडवा कापला तर गोल नव्हे, चपटा, पाचरीसारखा. आत सूक्ष्म पोकळ्या. म्हणून टसरच्या कापडावर प्रकाश एकसारखा घरंगळत नाही. तो अडखळतो, थांबतो, पुन्हा उजळतो. तुतीचं रेशीम चकाकतं. टसरमध्ये उजेड मुरतो. ज्यांना ही मुरलेली झळाळी एकदा आवडली त्यांना दुसरी गुळगुळीत वाटायला लागते, आणि मी त्यांच्यातला आहे.

कोशाच्या भिंतीवर हात फिरवला तर लागणारा खडबडीतपणा नुसत्या रेशमाचा नाही. त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक आहेत. मुतखड्यात बहुधा सापडतो तोच पदार्थ. डिंक, स्फटिक आणि पाल्यातले कषाय यांनी मिळून भिंत इतकी घट्ट होते की कोसा उकळत्या साध्या पाण्याला दाद देत नाही. राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात शिजवल्यावरच तो धागा सोडायला तयार होतो. एवढ्या भिंतीतून पतंग बाहेर कसा येतो? तोंडातून तो एक द्राव सोडतो. त्यातल्या कोकूनेझ नावाच्या विकराने डिंक सैल होतो. रेशीम शाबूत राहतं, पतंग धागे बाजूला सारून अंग बाहेर काढतो. या विकरावरचं काम फोटिस काफाटोस आणि कॅरोल विल्यम्स यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलं. त्या पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. उरलेले थोडे दिवस तो अळीने साठवलेल्या पुंजीवर जगतो. ऐनाच्या पाल्याचं शेवटचं जेवण त्याने कातडी बदलण्याआधीच घेतलेलं असतं.

शिजवलेल्या कोशाचा धागा पूर्वी बाया उघड्या मांडीवर वळत. अनेक कोशांची टोकं एकत्र घ्यायची, तळव्याने मांडीवर घासायची, दुसऱ्या हाताने गुंडाळत न्यायची. पुन्हा एक पृष्ठभाग. या वेळी माणसाच्या कातडीचा. कापडाची तारीफ करताना मला ती कातडी विसरता येत नाही. दिवसभराच्या घासण्याने ती सोलवटते, काळी पडते, आणि त्या सुताची मजुरी त्या मानाने कधीच मिळाली नाही. यंत्रं आली ते चांगलं झालं. ती गावोगाव आणखी लवकर पोचायला हवी होती.

आता थोडं वेगळं वळण घेतो, कारण इथवर एक शब्द मी बाजूला ठेवला होता. सक्रिय.

नळीतले फायब्रॉइनचे रेणू स्वतः हलत नाहीत. त्यांना प्रवाह हलवतो, अळी ओढते. द्रवस्फटिक निष्क्रिय आहे, सक्रिय आहे ती अळी. पण गेल्या काही दशकांत शास्त्राने एक वेगळाच पदार्थ हाताळायला घेतला. त्यातला प्रत्येक कण स्वतःची ऊर्जा स्वतः खर्च करतो आणि तरीही सगळे मिळून रांगेने लागतात. माशांचा थवा, जिवाणूंची दाटी, जखम भरताना सरकणाऱ्या पेशी. या सक्रिय द्रवस्फटिकांचा पाया घालण्यात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा वाटा मोठा आहे. अदिती सिम्हा आणि श्रीराम रामस्वामी यांनी २००२ साली मांडलं की स्वतः पोहणाऱ्या कणांची शिस्तबद्ध रांग द्रवात फार काळ टिकूच शकत नाही. कणांच्या ढकलण्याने उठणारा प्रवाहच ती मोडतो.

आणि मग विजय नारायण, रामस्वामी आणि नारायणन मेनन यांचा २००७ सालचा प्रयोग. त्यांनी तांब्याच्या तारेचे काही मिलिमीटर लांबीचे तुकडे घेतले, आम्लाने टोकं निमुळती करून त्यांना लाटण्याचा आकार दिला आणि तबकात पसरून तबक वरखाली थरथरवलं. लाटणी एकमेकांना समांतर होऊन झुंडींनी फिरू लागली. एखाद्या ठरावीक चौकोनात सरासरी शंभर कण असतील तर नेहमीच्या पदार्थात ती संख्या साधारण दहाने कमी-जास्त होते, दहा हजार असतील तर शंभराने. वर्गमुळाच्या हिशेबाने. या तबकात मात्र चढउतार संख्येच्याच प्रमाणात वाढत गेले. क्षणात चौकोन गच्च, क्षणात ओसाड. मला या प्रयोगात सर्वांत जास्त आवडली ती ऊर्जेची वाट. लाटण्यांना ताकद कुणी दिली? खालच्या तबकाने. प्रत्येक स्पर्शात पृष्ठभाग थोडी ऊर्जा देतो आणि कण ती आपल्या लांबीच्या दिशेने खर्च करतो. अळीच्या नळीत भिंत दिशा देत होती. इथे पृष्ठभाग चालण्याचं बळही देतो.

मात्र सक्रिय कणांचं काठाशी नातं वेगळं असतं. निष्क्रिय रेणू भिंतीपाशी येतो, कल घेतो आणि शेजाऱ्याला देतो. स्वतः चालणारा कण भिंतीवर आदळला की चालतच राहतो, म्हणून भिंतीलाच चिकटून साचतो. पसरट तबकात असे कण कडेकडेने गोळा होतात आणि मधला भाग रिता पडतो. डेसेन्य, दोशो आणि शाते यांनी फ्रान्समध्ये २०१० साली थरथरणाऱ्या चकत्यांवर प्रयोग करताना रिंगणाची कडच फुलाच्या पाकळ्यांसारखी केली. कडेने सरकणारा कण पाकळीच्या वळणावरून आपोआप मध्याकडे परततो. काठाचा आकार बदलला आणि सगळ्या जमावाचं वागणं बदललं. पाकळ्यांची ती आखणी मला एखाद्या चांगल्या यमकासारखी वाटते. कणांना हात न लावता ती त्यांना परत बोलावते.

याच ओढीने जिवाणूही द्रवस्फटिकात सोडले गेले. झोऊ, सोकोलोव्ह, लाव्रेन्तोविच आणि अरान्सन यांनी २०१४ साली दम्यावर आणि अ‍ॅलर्जीवर वापरल्या जाणाऱ्या एका औषधाच्या पाण्यातल्या द्रावणात पोहणारे जिवाणू घातले. हे द्रावण नेमॅटिक असतं आणि जिवाणूंना अपाय करत नाही. एरवी वेडेवाकडे पोहणारे जिवाणू रेणूंच्या रांगेला समांतर पोहू लागले. २०१६ साली लाव्रेन्तोविच यांच्या गटाने काचेच्या पृष्ठभागावर दिशांची नक्षी आखली. नक्षी द्रवात उतरली, आणि जिवाणू तिच्या वाटांनी गेले. जिथे रांगा धूमकेतूच्या डोक्यासारख्या वळून एकत्र येतात त्या दोषबिंदूकडे ते जमले. जिथे तीन बाजूंनी रांगा फाकतात तिथून ते निघून गेले. कणाला हुकूम दिला काचेने, निरोप पोचवला द्रवाने, आणि चालण्याची ताकद कणाची स्वतःची.

आपल्या शरीरातल्या काही पेशींचे थरही असेच सक्रिय नेमॅटिक असतात. २०१७ साली दिसून आलं की उपकला थरात ज्या पेशी मरून बाहेर फेकल्या जातात, त्या अशाच धूमकेतूसारख्या दोषबिंदूंपाशी दाटीने असतात. आता टसरकडे परत या. टसरच्या प्रथिनात आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल हे तीन दुवे सलग येतात. पेशी पृष्ठभागाला धरताना नेमका हाच त्रिकूट-संकेत ओळखतात. तुतीच्या फायब्रॉइनमध्ये तो नाही. आयआयटी खरगपूरमध्ये एस. सी. कुंडू यांच्या प्रयोगशाळेने आपल्या टसर किड्याच्या, अँथेरिया मायलिट्टाच्या, प्रथिनाचे पापुद्रे करून त्यांवर पेशी वाढवण्याचं काम अनेक वर्षं केलं. हे वाचलं तेव्हा मी उठून खिडकीशी गेलो. ज्या द्रव्याला एकेकाळी नळीच्या भिंतीने दिशा दिली, ते आता स्वतः भिंत झालं आहे आणि जिवंत पेशींचा थर त्याला धरून सरकतो आहे. काडी पकडणाऱ्या अळीने पकडण्याजोगी काडी करून ठेवली.

करवत-काठी लुगडं हातात घेतलं की मी आधी काठ पाहतो, आणि तो का पाहतो हे आता मला नीट सांगता येतं. अंग टसरचं, काठ दुसऱ्या सुताचा नि दुसऱ्या रंगाचा, आणि दोघांच्या सीमेवर करवतीच्या दातांची रांग. हे विणायला तीन धोटे लागतात, एक अंगाचा आणि दोन दोन्ही काठांचे. अंगाचा बाणा काठात शिरत नाही आणि काठाचा अंगात शिरत नाही. सीमेवर ते एकमेकांना अडकवून मागे फिरतात. दात एका धाग्याने वाढतो, एका धाग्याने घटतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडकडच्या एका कोष्टी काकांच्या मागापाशी मी बसलो होतो, तेव्हा धोटा दातापाशी आला की त्यांचा हात किंचित मंदावायचा. अंगाचं विणकाम चालू असताना ते बोलत. काठाशी आले की गप्प होत. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. धोटा परत फिरला की बोलणं जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू व्हायचं.

समोरच्या कोशाच्या वळ्यातली ती काडी आता वाळून बारीक झाली आहे. वळं तिच्याभोवती सैल फिरतं, बोटाने ढकललं तर इकडून तिकडे सरकतं. काडीच्या एका टोकाला जुन्या पानाचा डोळा आहे, दुसऱ्या टोकाला फांदी छाटल्याची खूण. दोन्हीकडे ती किंचित जाड आहे, म्हणून वळं निघत नाही.